एबी फॉर्मवर सही कोणाची?

२०२४ च्या लोकसभेला घोरावाडी स्टेशनवर लोकलची वाट बघताना एकच चर्चा कानावर यायची, धनुष्यबाण नक्की कोणाचा? आमच्या मावळात तो श्रीरंग बारणेंकडे होता. ठाकरे गटाचे संजोग वाघेरे मशालीवर लढले.

मित्रांनो, हे भांडण जुनंच आहे. पक्ष फुटला की खरा पक्ष कोणता, हे १९६८ च्या चिन्ह आदेशानुसार निवडणूक आयोग ठरवतो. १९६९ ला काँग्रेस फुटली, तेव्हा आमदार-खासदारांबरोबर संघटनेतलं बहुमतही मोजलं गेलं. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही कसोटी मान्य केली.

१७ फेब्रुवारी २०२३ ला मात्र आयोग म्हणाला, शिवसेनेची २०१८ ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही. मग वजन पडलं ते आमदार-खासदारांच्या संख्येचं. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीच्या घड्याळाचाही निकाल संख्येवरच लागला.

चिन्ह ज्याच्याकडे, एबी फॉर्मवर सही त्याच्या माणसाची. आणि सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता? त्याचं मत कुठेच मोजलं नाही. पक्ष कोणताही असो, आधी पक्षात खरी निवडणूक मागा. नाहीतर आपण फक्त घोषणा द्यायच्या.