पट्टा उभा लावावा की तिरका? साखर कारखाना, खाण आणि गोदामात पैसा नेमका कुठे वाचतो

सोलापूर : गळीत हंगामात कारखान्यावर गेलं की बॉयलरकडे चढत जाणारे लांबच लांब पट्टे दिसतात. खडी क्रशरवर आणि फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पात कोळशासाठीही असेच कन्व्हेअर बेल्ट असतात. आता कमी जागेत जवळजवळ उभे चढणारे पट्टेही मिळतात. पण ते घेणं परवडतं का? त्याचा हा साधा हिशोब.

साधा पट्टा किती चढतो?

साध्या सपाट पट्ट्यावर खडी, कोळसा असा माल साधारण १५ ते १८ अंशांपर्यंतच टिकतो. त्याहून चढ जास्त झाला की माल खाली घसरतो. उभ्या पट्ट्याला दोन्ही कडांना रबरी भिंती आणि मध्ये आडव्या पट्ट्या असतात. त्यामुळे कप्पे तयार होतात आणि माल ९० अंशांपर्यंतही चढवता येतो. दुसऱ्या प्रकारात माल दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबून वर नेतात.

जागेचा हिशोब

माल २० मीटर उंच न्यायचा आहे असं धरू.

- १८ अंशांवर : पट्ट्याचा चढ सुमारे ६५ मीटर, जमिनीवर जागा ६२ मीटर.
- ६० अंशांवर : चढ सुमारे २३ मीटर, जागा साडेअकरा मीटर.

म्हणजे लोखंडी सांगाडा, पाया आणि शेड यांचा खर्च कमी होतो. माल भरायला आणि टाकायला दोन्ही टोकांना थोडा सपाट भाग लागतो, तो यात धरलेला नाही.

वीज वाचते का?

फारशी नाही. उंची तीच, वजन तेच, म्हणून माल उचलायला लागणारी शक्तीही तीच. रोज ५ हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या २८ ते ३० टक्के, म्हणजे तासाला सुमारे ६० टन बगॅस निघतो. तो २० मीटर उचलायला जेमतेम सव्वातीन किलोवॅट लागतात, दिवसाला साधारण ८० युनिट. घर्षणाची वीज वेगळी. पट्टा आखूड असला तर तेवढ्यात थोडी बचत होते.

खरा खर्च कुठे?

कप्प्यांचा पट्टा मीटरमागे साध्यापेक्षा बराच महाग पडतो. ओला, चिकट माल कप्प्यात अडकतो. साध्या पट्ट्यासारखी खरवडणारी पाती इथे चालत नाहीत. बगॅसमध्ये तर निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. म्हणून बऱ्याच कारखान्यांत बगॅस चढवायला साखळी-फळ्यांचे कॅरिअर आणि साखर चढवायला बादल्यांचे एलिव्हेटर वापरतात.

बगॅसची वाट अडली की गाळप थांबतं. गाड्या रांगेत उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन आणि उतारा घटतो. हा तोटा शेवटी शेतकऱ्याच्याच पदरी येतो.

खाणीत गणित वेगळं

डंपर मालासोबत स्वतःचं वजनही वर नेतो आणि रिकामा परत येतो. पट्ट्याची उतरती बाजू चढत्या बाजूचं वजन तोलून धरते. म्हणून खोल आणि मोठ्या खाणीत उभा पट्टा परवडतो. उझबेकिस्तानातील मुरुंताऊ सोन्याच्या खाणीत ३७ अंशांचा पट्टा दगड सुमारे २७० मीटर वर आणतो. रोज मोजक्याच खेपा असलेल्या गावच्या खाणीला डंपरच बरा.

सभासदांनी काय विचारावं?

- जागा खरोखर अपुरी आहे का?
- माल कोरडा आहे की चिकट?
- पट्टा तुटला तर नवा किती दिवसांत मिळेल, तोवर गाळपाचं काय?
- वीज गेली तर भरलेला पट्टा मागे फिरू नये म्हणून होल्डबॅक आहे का?
- ओढताच पट्टा थांबवणारी दोरी आणि संरक्षक जाळ्या आहेत का? फिरत्या यंत्रांना कुंपण घालणं १९४८ च्या कारखाने कायद्यानं बंधनकारक केलं होतं.

थोडक्यात : जागा मोकळी असेल तर साधा तिरका पट्टाच स्वस्त. जागा अडचणीची आणि माल कोरडा असेल, तर उभ्या पट्ट्याचा विचार करावा.