स्टार्टर टेम्प्लेट : वेब ॲप्लिकेशनचा तयार पाया

वेब ॲप्लिकेशनचे पहिले पान पडद्यावर दिसण्यापूर्वी बरीच अदृश्य कामे उरकावी लागतात. फायलींची रचना ठरवणे, लागणारी पॅकेजेस जोडणे, लिहिलेला कोड ब्राउझरला समजेल अशा रूपात आणणे, चाचण्यांची सोय करणे ही त्यांतील काही. प्रत्येक प्रकल्पात ती नव्याने करावी लागू नयेत, म्हणून आधीच जुळवून ठेवलेल्या सांगाड्याला ‘स्टार्टर टेम्प्लेट’ म्हणतात.

पॉल आयरिश आणि दिव्या मनियन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘एचटीएमएल५ बॉयलरप्लेट’ हे या प्रकारचे गाजलेले आरंभीचे उदाहरण. फेसबुकने २०१३ मध्ये ‘रिॲक्ट’ ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. मात्र तिच्याभोवतीची जुळवाजुळव नवशिक्यांना जड जात असे. त्यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ आले. एका आज्ञेत प्रकल्प उभा राहू लागला. ‘वेबपॅक’ आणि ‘बेबेल’ या साधनांची गुंतागुंत त्याने आड ठेवली होती. ‘इजेक्ट’ ही आज्ञा देऊन ती उघडी करता येई. परंतु मग मागे फिरता येत नसे.

या सोयीची दुसरी बाजू पुढे दिसली. सक्रिय देखभाल करणारे कोणी उरले नसल्याने १४ फेब्रुवारी २०२५ रोजी रिॲक्टच्या चमूने नव्या ॲप्लिकेशनसाठी हे साधन वापरू नये, असे जाहीर केले. त्यावर उभी असलेली ॲप्लिकेशन्स त्या दिवशी बंद पडली नाहीत. पण त्यांच्या स्थलांतराचा भार ती चालवणाऱ्यांवर आला.

आज अनेक जण ‘व्हीट’कडे वळले आहेत. ‘व्ह्यू’चे निर्माते इव्हान यू यांनी ते २०२० मध्ये आणले. हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. उच्चार मात्र मराठीतील ‘वीट’ या शब्दाच्या अगदी जवळचा. विकसनाच्या वेळी संपूर्ण प्रकल्प आधी न बांधता ब्राउझर मागेल तेवढीच फाईल ते रूपांतरित करून देते, त्यामुळे काम लवकर सुरू होते. संगणकावर ‘नोड.जेएस’ असल्यास प्रकल्पाचे नाव, फ्रेमवर्क आणि भाषा निवडली की सांगाडा तयार होतो.

तयार पाया घेतला तरी जबाबदारी संपत नाही. टेम्प्लेट निवडताना त्याचा परवाना आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे पाहावे. अनावश्यक पॅकेजेस काढून टाकावीत. कारण प्रत्येक पॅकेजची सुरक्षा पुढे सांभाळावी लागते. पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी ‘लॉक फाईल’ जपावी, म्हणजे दुसऱ्या संगणकावरही तोच प्रकल्प तसाच उभा राहतो. गुप्त किल्ल्यांबाबत विशेष दक्षता हवी. ‘व्हीट’मध्ये ठरावीक उपसर्ग लावलेली सेटिंगची मूल्ये ब्राउझरपर्यंत पोहोचतात; म्हणून पासवर्ड वा डेटाबेसची किल्ली तेथे कधीही ठेवू नये.

मराठी संकेतस्थळांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. या टेम्प्लेटच्या मुख्य पानावर भाषा इंग्रजी अशी नोंद असते. ती मराठीसाठी ‘एमआर’, तर कोकणीसाठी ‘केओके’ अशी बदलावी लागते. ही नोंद तशीच राहिल्यास दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर देवनागरी मजकुरालाही इंग्रजी आवाज लावण्याची शक्यता असते. बदल एका शब्दाचा. पण तो न केल्यास काही वाचकांना संपूर्ण पान ऐकूनही समजत नाही.