ओकचर : भुलवणीचे हरीण आणि शिकारीचा दोष

मज्झिमनिकायातील १९ वे सुत्त 'द्वेधावितक्कसुत्त' या नावाने प्रसिद्ध आहे. कुशल व अकुशल वितर्कांची विभागणी कशी करावी, हा त्याचा मुख्य विषय होय. परंतु या सुत्ताच्या अखेरीस आलेला दृष्टान्त प्राचीन भारतातील मृगयेच्या एका विशिष्ट पद्धतीचाही मौल्यवान पुरावा आहे. त्या पद्धतीचा परिचय करून देणे आणि शिकारीचा दोष नेमका कोणाच्या माथी येतो, याविषयी बौद्ध परंपरेने केलेला विचार वाचकांपुढे ठेवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दृष्टान्त असा : अरण्यात एक मोठी सखल पाणथळ जागा आहे. पालघरच्या किनाऱ्यावरील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना 'पल्लल' या पालि शब्दाची कल्पना सहज येईल. तिच्या आश्रयाने हरणांचा मोठा कळप राहतो. कळपाचे अहित इच्छिणारा एक मनुष्य येतो, जाण्यायेण्याची निर्धोक वाट बंद करतो, घाताची वाट मोकळी करतो आणि तेथे एक 'ओकचर' व एक 'ओकचारिका' ठेवतो. काही काळाने तो कळप विनाशास पोहोचतो. पुढे हितेच्छू असा दुसरा मनुष्य येतो आणि हे सर्व उलट करतो.

'ओक' म्हणजे घर, वसतिस्थान. 'चर' म्हणजे फिरणारा. कळपाच्या घरात घरच्यासारखा वावरणारा तो ओकचर. इ.स.च्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांची अट्ठकथा ओकचराचा अर्थ 'दीपकमृग' म्हणजे भुलवणीसाठी ठेवलेला नर, आणि ओकचारिकेचा अर्थ लांब दोरीने बांधून ठेवलेली हरिणी असा देते. दोरी लांब असल्यामुळे ती मोकळीच चरत आहे, असे दुरून वाटावे, हे उघड आहे. ही युक्ती बळावर चालत नाही, विश्वासावर चालते. आपल्याच जातीचे जनावर निर्धास्त चरताना दिसले की कळपाला ती जागा सुरक्षित वाटते.

ही पद्धत पुढेही दीर्घकाळ टिकली. सोळाव्या शतकात अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त हरणाकरवी हरीण पकडण्याचे वर्णन केले आहे. तेथे पाळीव नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातील नरापुढे सोडीत. रानचा नर झुंजीला येई आणि त्याची शिंगे जाळ्यात गुंतत. एका ठिकाणी विश्वास, तर दुसऱ्या ठिकाणी ईर्षा. स्वभावाचाच फास करावयाचा, हे तत्त्व दोहींकडे एकच.

भगवान बुद्धांनी दृष्टान्ताची फोड स्वतःच केली आहे. सखल पाणथळ म्हणजे कामभोग, कळप म्हणजे प्राणिमात्र, अहित इच्छिणारा मनुष्य म्हणजे मार. घाताची वाट म्हणजे मिथ्या दृष्टीपासून मिथ्या समाधीपर्यंतचा मार्ग आणि निर्धोक वाट म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग. ओकचर म्हणजे नन्दिराग व ओकचारिका म्हणजे अविद्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मार आणि ओकचर हे एक नव्हेत. आमिष वेगळे आणि आमिष मांडणारा वेगळा, हा भेद सुत्तात स्पष्ट राखलेला आहे.

मग जे जनावर आमिष म्हणून उभे केले जाते, त्याचा दोष किती? हा प्रश्न ३१९ व्या, म्हणजे तित्तिर जातकात थेट विचारला गेला आहे. एक पारधी तित्तिर पक्षी पकडून त्याला भुलवणीसाठी शिकवितो. त्याच्या हाकेने इतर तित्तिर येतात आणि सापडतात. माझ्यामुळे माझे आप्त मरत आहेत, या जाणिवेने पक्षी गप्प राहू पाहतो, तेव्हा पारधी त्याच्या डोक्यावर बांबूची काठी मारतो व वेदनेने तो पुन्हा ओरडतो. अखेर तो एका तापसाला, म्हणजेच बोधिसत्त्वाला, आपली शंका विचारतो. ज्याच्या मनात पापाची इच्छा नाही, ज्याने त्या कर्माला संमती दिली नाही, त्याला ते पाप लिप्त करीत नाही, असा उत्तराचा आशय आहे. कर्माचे मूळ चेतनेत आहे, या सिद्धान्ताची याहून करुण कथा विरळाच. काठीच्या भयाने ओरडणारा पक्षी हा अपराधी नसून पहिला बळी आहे.

हाच विवेक इतिहासात राज्यकारभाराच्या पातळीवर कसा उतरला, हे पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यातच सोपाऱ्यास जावे लागेल. माकुणसार, केळवे, सफाळे या टापूतील उपासकांस हे स्थळ दूर नाही. सफाळ्याहून आगगाडीने वैतरणा व विरार ही स्थानके मागे टाकली की नालासोपारा येते. पालि वाङ्मयातील 'सुप्पारक' ते हेच; उदानातील बाहिय दारुचीरिय येथेच राहत असे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर १९५६ साली याच परिसरातील भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला.

आठव्या लेखाचा सोपारा येथील तुकडा अपुरा असला, तरी गिरनार आदी ठिकाणच्या प्रतींवरून त्याचा संपूर्ण आशय ज्ञात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. त्या यात्रांत 'मगव्या', म्हणजे मृगया व तत्सम करमणुकी असत. राज्याभिषेकास १० वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. पहिल्या लेखात राजाच्या पाकशाळेतील हत्या दोन मोर व एक हरीण एवढ्यावर आल्याची नोंद आहे. ते हरीणही नित्याचे नव्हे. कंदाहार येथे १९५८ साली सापडलेल्या ग्रीक-अरमाईक लेखात राजाचे शिकारी व मासेमारी करणारे यांनी आपला उद्योग थांबविल्याचे म्हटले आहे. सुधारणेचा आरंभ अशोकाने राजवाड्यापासून केला, हे येथे महत्त्वाचे.

या पार्श्वभूमीवर आपल्या प्रांताचा अलीकडचा इतिहास ताडून पाहावा. फास्यांनी हरणे धरणारा आणि पिंजऱ्यातील तित्तिराच्या हाकेवर तित्तिर पकडणारा फासेपारधी समाज महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. ब्रिटिश अंमलात साहेबांची व संस्थानिकांची शिकार हा मानाचा छंद ठरला. पोटासाठी फास लावणाऱ्या पारध्यावर मात्र १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का समाजमनातून अद्याप पुसलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी घातली. ती इष्टच होय. परंतु फास काढून घेतल्यावर हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न कायद्याने सुटला नाही.

बौद्ध परंपरा शिकारीच्या उपजीविकेचे समर्थन करीत नाही. कन्दरकसुत्त मृग मारणाऱ्याची गणना परपीडकांतच करते. तथापि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत जो भेद केला आहे, तो छंदी राजा व भुकेला पारधी यांना एका तराजूत घालू देत नाही. द्वेधावितक्कसुत्तातील दुसऱ्या मनुष्याने ओकचर हटविला; तसेच निर्धोक वाटही मोकळी केली. अहिंसेचा उपदेश करणाऱ्यांवर ही दोन्ही कर्तव्ये सारखीच बंधनकारक आहेत. ज्या समाजाला फासाखेरीज दुसरी वाट ठेवली गेली नाही, त्याला केवळ पाणातिपाताचे शील ऐकविणे म्हणजे त्या सुत्ताचा अर्धाच अर्थ सांगणे होय.