मोठ्या कुत्र्याचं पिल्लू आणि कॅल्शियमची पावडर

घरी लॅब्राडॉर किंवा ग्रेट डेनचं पिल्लू आणलंत, की “हाडं मजबूत होतील” म्हणून कोणीतरी तुम्हाला कॅल्शियमची पावडर सुचवतंच. हा सल्ला चाळीस वर्षांपूर्वीच चुकीचा ठरलाय.

मोठ्या जातीचं पिल्लू पुढच्या पायाने लंगडतं, तेव्हा दुखणं अनेकदा कोपराच्या सांध्यात असतं. १९७०च्या दशकात स्वीडनचे पशुवैद्य स्टेन-एरिक ओल्सन यांनी त्याचा संबंध ऑस्टिओकॉन्ड्रोसिसशी जोडला. म्हणजे वाढत्या कूर्चेचं हाड नीट न बनणं. (माणसाच्या सांध्यातला असाच विकार जर्मन सर्जन फ्रान्झ कोनिग यांनी १९व्या शतकातच वर्णिला होता.)

मग असं होतं कशामुळे? आनुवंशिकता आहेच, पण आहारही आहे. १९७४ साली अमेरिकेत ग्रेट डेन पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना हवं तेवढं खायला दिलं, काहींना मोजून. भरपेट खाऊन झपाट्याने वाढलेल्यांत हाडांचे विकार जास्त निघाले. १९८५ मध्ये नेदरलँड्सच्या हाझेविंकेल यांनी दाखवलं, की नुसतं जादा कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवतं. लहान पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम पुरेसं अडवू शकत नाही.

पिल्लू फक्त घरच्या भात-चिकनवर वाढत असेल, तर मात्र कॅल्शियम खरोखरच कमी पडतं. तिथे मात्रा पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्या.