स्टालिएनो दफनभूमीतील स्मृतिशिल्पे : एकोणिसाव्या शतकातील जिनोआच्या समाजजीवनाचे एक साधन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात दफनभूमीचा विचार बहुधा कोरीव लेख, नावे व मृत्यूच्या तारखा यांपुरता होतो. तेथील शिल्पे कलासमीक्षेचा विषय म्हणून बाजूला राहतात. इटलीतील जिनोआ शहराच्या स्टालिएनो दफनभूमीत मात्र शिल्पे हेच सर्वाधिक बोलके साधन ठरते. मृत्यूनंतर कोणाची प्रतिमा उभी राहावी व ती कोणी ठरवावी, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या शिल्पांचा विचार केला आहे.

दफनभूमीची निर्मिती :
नेपोलियनच्या १८०४ च्या हुकुमाने चर्चमध्ये व शहराच्या वस्तीत दफन करण्यास मनाई झाली. १८०५ मध्ये जिनोआ फ्रेंच साम्राज्यात विलीन झाले. शहराबाहेर, बिसान्यो नदीच्या खोऱ्यात दफनभूमी उभारण्याचा आराखडा वास्तुविशारद कार्लो बाराबिनो यांनी तयार केला. १८३५ मध्ये पटकीच्या साथीत त्यांचे निधन झाल्यावर जोव्हानी बात्तिस्ता रेसास्को यांनी तो पूर्णत्वास नेला आणि १ जानेवारी १८५१ रोजी दफनभूमी खुली झाली. मध्यभागी विस्तीर्ण चौक, सभोवार कमानींच्या ओवऱ्या, घुमटाकार प्रार्थनामंदिर आणि मागे टेकडीवर चढत जाणारी वृक्षराजी अशी तिची रचना आहे. ओवऱ्यांतील मंद प्रकाश आणि संगमरवरावर साचलेला धुळीचा काळसर थर यांमुळे तेथील वातावरण गंभीर व तितकेच रम्य वाटते.

शिल्पांतील समाजदर्शन :
आरंभीच्या शिल्पांत देवदूत व सद्गुणांच्या प्रतीकमूर्ती आढळतात. पुढे व्यापारी, बँकर अशा नवधनिक वर्गाने शिल्पकारांकडून वास्तवदर्शी कामे करवून घेतली. जोव्हानी बात्तिस्ता व्हिल्ला यांच्या १८७९ च्या पिएनोव्ही स्मारकात पत्नी मृत पतीच्या चेहऱ्यावरील वस्त्र हळूच उचलून पाहते. येथे स्वर्गाचे आश्वासन नाही. घरातील शोक आहे. जुलिओ मॉन्तेव्हेर्दे यांनी १८८२ मध्ये ओनेतो कुटुंबासाठी घडविलेला देवदूतही सांत्वन करीत नाही. हातातील कर्णा न फुंकता तो गूढ नजरेने पाहत उभा आहे.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शिल्प कातेरीना काम्पोदोनिको या फेरीवालीचे होय. जत्रांतून सुक्या फळांच्या माळा व कडकण्यांसारखी गोल बिस्किटे विकून साठविलेल्या पैशातून तिने आपल्या हयातीतच, १८८१ मध्ये, लोरेन्झो ओरेंगो यांच्याकडून स्वतःचा पुतळा करवून घेतला. ठेवणीतली वस्त्रे ल्यायलेली ही स्त्री हातात आपला विक्रीचा माल घेऊन उभी आहे. आपला व्यवसाय तिने लपविला नाही. तीच तिची ओळख ठरली.

याच दफनभूमीच्या वनराईत जोसेफ मॅझिनी (मृत्यू १८७२) यांची समाधी आहे. वि. दा. सावरकरांच्या १९०७ च्या ग्रंथामुळे मॅझिनी मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. राष्ट्रपुरुष आणि फेरीवाली यांची स्मारके एकाच आवारात असणे, ही चर्चमधील जुन्या दफनव्यवस्थेत दुर्मीळ अशी गोष्ट होती.

निष्कर्ष :
स्टालिएनोने स्मृतीचा हक्क उमरावांच्या व धर्मगुरूंच्या हातून काढून घेतला. परंतु तो सर्वांना दिला नाही, कारण संगमरवर पैशानेच मिळत होता. ज्यांना तो परवडला नाही त्यांच्या थडग्यांवर शिल्पे नाहीत. ही उणीवही इतिहासाचा पुरावाच आहे. म्हणून जतन करताना केवळ देखण्या देवदूतांची निवड करणे पुरेसे नाही. साध्या थडग्यांसह संपूर्ण परिसर राखला, तरच त्या समाजाचे चित्र पूर्ण राहील.