मोटारघराची वीज : खांबाला जोडण्यापूर्वी

अमेरिकेत सुटीच्या प्रवासासाठी 'आरव्ही' अर्थात मोटारघर वापरण्याची पद्धत रूढ आहे. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहण्यासाठी तेथील मराठी कुटुंबेही असे वाहन भाड्याने घेतात. मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडवर वाहनाशेजारी विजेचा खांब असतो. त्याला केबल जोडली की एअर कंडिशनर, फ्रिज, मायक्रोवेव्ह सुरू होतात. मात्र ही वीज निर्दोष असेलच, याची खात्री नसते.

जोडणी प्रामुख्याने दोन प्रकारची असते. ३० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टची एकच वाहिनी असून तिच्यावर ३,६०० वॅटपर्यंत भार चालतो. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात. त्यांची एकूण क्षमता १२,००० वॅट होते.

वीज कोसळून येणाऱ्या उच्च दाबाची भीती सर्वांनाच वाटते. परंतु नित्याचा शत्रू आहे तो कमी दाब. उन्हाळ्याच्या दुपारी तळावरील सर्व एअर कंडिशनर एकाच वेळी चालू झाले, की दाब घसरतो. अशा वेळी कॉम्प्रेसरची मोटर जादा प्रवाह खेचते, तापते आणि कालांतराने जळते.

दुसरा धोका तुटलेल्या न्यूट्रलचा. ५० अँपिअरच्या जोडणीत न्यूट्रल निसटल्यास दोन वाहिन्यांतील २४० व्होल्ट उपकरणांत विषम प्रमाणात विभागले जातात आणि कमी भाराच्या बाजूची उपकरणे जळतात. आपल्याकडे इमारतीचा न्यूट्रल तुटला की घरोघरचे टीव्ही जळतात, त्याचेच हे भावंड.

तिसरा धोका थेट जिवावरचा. खांबावरील अर्थिंग तुटलेले असेल आणि वाहनात कोठे गळती असेल, तर वाहनाच्या धातूच्या सांगाड्यात वीज उतरते; ब्रेकर मात्र पडत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्यास प्राणघातक धक्का बसू शकतो.

साधा सर्ज प्रोटेक्टर केवळ क्षणिक उच्च दाब शोषून घेतो. कमी दाब किंवा तुटलेला न्यूट्रल यांपुढे तो निरुपयोगी ठरतो. त्यासाठी 'ईएमएस' हे संरक्षक यंत्र हवे. ते जोडणी तपासते आणि दाब साधारण १०४ व्होल्टखाली किंवा १३२ व्होल्टवर गेल्यास पुरवठा तोडते. मात्र ते दाब वाढवू शकत नाही. त्यासाठी ऑटोट्रान्सफॉर्मर लागतो.

यंत्र असो वा नसो, क्रम पाळावा. प्रथम खांबाचा ब्रेकर बंद करून सॉकेट काळवंडलेले वा सैल नाही ना, हे पाहावे. ईएमएस असल्यास आधी तेच जोडून ब्रेकर चालू करावा व त्याचा निर्वाळा मिळाल्यावर ब्रेकर पुन्हा बंद करून वाहनाची केबल जोडावी. वाहनातील उपकरणे शेवटी, एकेक करून सुरू करावीत. दोष आढळल्यास स्वतः दुरुस्तीच्या भानगडीत न पडता जागा बदलून मागावी. धातूला स्पर्श करताच झिणझिण्या आल्या, तर त्या क्षुल्लक समजू नयेत. तो पुढच्या धक्क्याचा इशारा असतो.