दाह खरा, म्हणून गोळी खोटी?

जळगाव-धुळ्यात एक मत मोठ्या ठामपणे मांडले जाते. रक्तदाबाचे मूळ रक्तवाहिन्यांच्या दाहात आहे, गोळी फक्त यंत्रावरचा आकडा उतरवते. तेव्हा हळद-लसणाने दाह शमवावा आणि गोळी सोडावी. यातला पहिला भाग मी मोकळेपणाने मान्य करतो. 2007 साली डेव्हिड हॅरिसन यांच्या प्रयोगशाळेत टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांना दाब वाढवणारे अँजिओटेन्सिन दिले, तरी त्यांचा दाब फारसा चढला नाही. टी पेशी परत घातल्या, आणि तो चढला. रोगप्रतिकारक पेशींचा या रोगात हात आहे, यात वाद नाही.

पण हात असणे म्हणजे सारे कर्तृत्व असणे नव्हे. दाह शमवला की दाब उतरतो, हे खरे असते तर डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन दाबावर गुणकारी ठरायला हवी होती. ती दाहशामकच आहेत ना? घडते नेमके उलटे. मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, दाब वाढतो, शिवाय रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचा गुण घटतो. कपाशी वेचून गुडघे धरले की मेडिकलवरून चिठ्ठीविना दुखण्याची गोळी आणणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितले आहे? हळदीची महती सांगणाऱ्यांनी आधी हे सांगायला हवे होते.

ही औषधे बोथट, असा आक्षेप येईल. मग नेमके औषध घेऊ. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 रुग्णांवरच्या कँटोस चाचणीत (2017) कॅनाकिनुमॅबने दाह पेटवणारे इंटरल्युकिन-1 बीटा अडवले. दाह उतरला, पुढचे झटकेही घटले. रक्तदाब मात्र होता तिथेच राहिला.

2006 च्या व्हॅल-मार्क चाचणीत एकट्या व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या गोळीने सीआरपी हा दाहदर्शक घटक कमी केला. लघवी वाढवणारे औषध जोडलेल्या गटात दाब अधिक उतरला, पण सीआरपी उतरला नाही. म्हणजे दाब आणि दाह एकाच दोरीने बांधलेले नाहीत. मग जीव कशाने वाचतो? 48 चाचण्यांच्या 2021 च्या एकत्रित विश्लेषणात वरचा दाब 5 मिलिमीटरने उतरला की हृदयविकार व पक्षाघाताचा एकूण धोका सुमारे 10 टक्क्यांनी घटलेला दिसला. तो ‘फक्त आकडा’ नाही.

आहाराच्या कैवाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांनी हळदीआधी मिठाकडे पाहावे, एवढेच. जादा मीठ दाह वाढवणाऱ्या टी पेशींना चेतवते, हे 2013 मध्ये उंदरांत दिसले आहे. आणि आपल्या ताटातली शेवभाजी, पापड, लोणचे व ठेचा मिठाविना होत नाहीत. रावेर-यावलची केळी पोटॅशियम देतात, ते दाबाला हितकारक आहे. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खावीत.

हळदीने पक्षाघात टळल्याची एक तरी मोठी चाचणी प्रतिपक्षाने दाखवावी. तोवर सरकारी आरोग्य केंद्रात मिळणारी अम्लोडिपिन बंद करा, हा सल्ला कोणत्या आधारावर दिला जातो, याचा निवाडा वाचकांनीच करावा.